दोन चिठ्ठ्या, दोन अज्ञात
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षणाचे महत्त्व ऐकतो. ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील, म्हणून मी आज त्या विषयाला हात लावणार नाही. मी दहावीच्या गणिताच्या पुस्तकातील पहिल्या धड्याविषयी बोलणार आहे. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असे त्याचे नाव. नाव ऐकूनच मागच्या रांगेतील दोन-चार मुलांनी दरवाजाकडे पाहिले, ते मला येथून दिसले. बसा बाबांनो, आज परीक्षा नाही. बी.ए., बी.एड. झालेला माणूस गणितावर काय बोलणार, अशीही शंका कुणाच्या मनात येईल. मी बी.ए. गणित घेऊनच झालो. तरीही ज्या गोष्टीबद्दल आज बोलणार आहे, ती मला कॉलेजात कळली नाही. मानवतच्या कापसाच्या बाजारात कळली, आणि तीही एका विद्यार्थ्याचे नुकसान करून झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वीच्या प्रथम सत्र परीक्षेत मी एक तीन गुणांचा प्रश्न घातला होता. एस.टी. बसमध्ये ५० प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ६० रुपये, अर्धे तिकीट ३० रुपये. कंडक्टरकडे एकूण २,१३० रुपये जमले. तर पूर्ण तिकिटे किती आणि अर्धी किती? पूर्वी अर्धे तिकीट म्हटले की लहान मूल डोळ्यांपुढे येई. मार्च २०२३ पासून महिलांनाही एस.टी.त अर्धे तिकीट झाले, तेव्हा प्रश्न आजच्या बसला धरून होता आणि मी त्यावर खूश होतो.

एका मुलाने फक्त एक ओळ लिहिली होती: “२१ पूर्ण, २९ अर्धी.” ना समीकरण, ना पायऱ्या. मी तांबड्या शाईने शून्य दिले आणि शेजारी लिहिले, “रीत कुठे आहे?” येथपर्यंत ठीक होते, कारण बोर्डाच्या परीक्षेत गुण पायऱ्यांना असतात आणि हे मुलांना कळायलाच हवे. पण पेपर वाटताना सगळ्या वर्गासमोर मी त्याला विचारले, “शेजारच्याचे पाहिलेस ना?” तो काहीच बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. कापसाचे दिवस होते, मुलगा मजुरीला लागला असेल असे मी गृहीत धरले. दरवर्षी एक-दोन जातातच. मी त्याच्या घरी गेलो नाही. हे मी येथे मुद्दाम सांगतो आहे, कारण समोर त्याच्या मोहल्ल्यातील माणसे बसली आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे.

जानेवारीत तो मला दिसला. आपल्याकडे कापसाची खेडा खरेदी कशी चालते हे तुम्हाला मी सांगायला नको. तो आपल्या चाचांबरोबर, ते मापारी आहेत, काट्याजवळ उभा होता. दोन शेतकरी हातात चिठ्ठ्या घेऊन वाद घालत होते. दोघांनी एकाच दिवशी, एकाच माणसाला, एकाच भावाने माल घातला होता. पहिल्याचा ४ क्विंटल चांगला कापूस आणि २ क्विंटल फरदड, रक्कम ३९,००० रुपये. दुसऱ्याचा ४ क्विंटल चांगला आणि ५ क्विंटल फरदड, रक्कम ५५,५०० रुपये. (आकडे मी तुमच्या सोयीसाठी सुटसुटीत केले आहेत, बाजारात ते इतके सरळ येत नाहीत.) चिठ्ठीवर वजन होते आणि एकूण रक्कम होती, चांगल्याचा भाव काय लावला आणि फरदडीचा काय, ते लिहिलेले नव्हते.

त्या मुलाने दोन्ही चिठ्ठ्या एकीवर एक धरल्या आणि म्हणाला, “चांगला माल दोघांचा सारखा आहे, त्याला सोडून द्या. यांची फरदड तीन क्विंटल जास्ती, पैसे साडेसोळा हजार जास्ती. म्हणजे फरदड साडेपाच हजारांनी गेली.” मग पहिल्या चिठ्ठीतून दोन क्विंटल फरदडीचे ११,००० वजा केले, उरलेल्या २८,००० ला चाराने भागले आणि चांगल्याचा भाव ७,००० सांगितला. पेन नाही, कागद नाही.

मी बाजूलाच उभा होतो. त्याने आत्ता जे केले, त्याला आमच्या पुस्तकात ‘चलाचा लोप करून एकसामयिक समीकरणे सोडवणे’ म्हणतात. चांगल्या कापसाचा भाव क्ष धरा, फरदडीचा य धरा. (आजच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात, माझ्या वडिलांच्या वेळी क्ष आणि य होते, मला तेच बरे वाटतात.) पहिली चिठ्ठी म्हणते, ४क्ष + २य = ३९,०००. दुसरी म्हणते, ४क्ष + ५य = ५५,५००. दुसरीतून पहिली वजा करा. क्ष नाहीसा होतो. ३य = १६,५००, म्हणून य = ५,५००. मी फळ्यावर जे वीस मिनिटांत शिकवतो, ते त्याने ‘त्याला सोडून द्या’ या तीन शब्दांत सांगितले.

मी त्याला चहाच्या टपरीवर नेले आणि बसच्या तिकिटांचे विचारले. तो लाजला. म्हणाला, “सर, सबकू आधा टिकट समझ्या मैं.” सगळ्या पन्नास जणांचे अर्धेच तिकीट धरले तर १,५०० रुपये होतात. प्रत्यक्षात आहेत २,१३०. म्हणजे ६३० जास्त. जो पूर्ण तिकीटवाला आहे तो प्रत्येकी ३० रुपये जास्त देतो. सहाशे तीस भागिले तीस, एकवीस. झाले. बाकीचे एकोणतीस अर्धे.

आता विद्यार्थ्यांनो, इकडे लक्ष द्या. पूर्ण तिकिटे क्ष आणि अर्धी य. क्ष + य = ५० आणि ६०क्ष + ३०य = २,१३०. पहिल्या समीकरणाला ३० ने गुणा: ३०क्ष + ३०य = १,५००. हेच त्याचे ‘सगळे अर्धे’. दुसऱ्यातून हे वजा करा: ३०क्ष = ६३०. हेच त्याचे ‘जास्तीचे पैसे’. पायरी पायरीला जुळते आहे. त्याला रीत येत होती, ती लिहायला कुणी शिकवले नव्हते, आणि ते काम माझे होते. पडताळाही घेऊन टाका: २१ गुणिले ६० म्हणजे १,२६०, २९ गुणिले ३० म्हणजे ८७०, बेरीज २,१३०.

त्या दिवसाची आणखी एक गंमत सांगायची राहिली. आम्ही चहा पीत असताना तिसरा एक शेतकरी आला. त्याचा माल २ क्विंटल चांगला आणि १ क्विंटल फरदड, आणि चिठ्ठीवर १८,९०० रुपये. मुलाने पाहताक्षणी सांगितले की ही चिठ्ठी पहिल्या चिठ्ठीची बरोबर निम्मी आहे, तेव्हा पैसेही निम्मे, म्हणजे १९,५०० हवेत. ६०० रुपये कमी आहेत. एक तर भाव वेगळा लावला असेल किंवा बेरीज चुकली असेल. तो माणूस चिठ्ठी घेऊन परत गेला. बेरीज चुकली होती, सहाशे रुपये मिळाले. सहाशे रुपये म्हणजे एका माणसाची दोन-एक दिवसांची मजुरी.

आमच्या भाषेत याला विसंगत समीकरणे म्हणतात. तिसरी चिठ्ठी दुप्पट करून पाहा. ४क्ष + २य = ३७,८००. आणि पहिली म्हणते ४क्ष + २य = ३९,०००. एकच वस्तू दोन रकमांना असू शकत नाही. आलेख काढला तर दोन समांतर रेषा येतात, कधीच न मिळणाऱ्या. ‘या समीकरणांना उकल नाही’ असे वाक्य मुले वहीत लिहितात आणि प्रश्न संपला असे समजतात. व्यवहारात प्रश्न तेथून सुरू होतो. उकल नाही याचा अर्थ कुठल्या तरी चिठ्ठीत खोट आहे, जा आणि शोधा.

आणि ती चिठ्ठी १९,५०० चीच असती तर? तर ती खरी असती, पण नवे काहीच सांगणारी नसती. पहिलीचीच निम्मी नक्कल. माझ्या हातात फक्त पहिली आणि तिसरी अशा दोन चिठ्ठ्या असत्या, तर कागद दोन असूनही भाव काढता आला नसता. हे मुलांच्या ध्यानात येत नाही. दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतात असे आपण घोकून घेतो, पण ती दोन खरोखर वेगळी हवीत. एकाच माणसाने तीच गोष्ट दोनदा सांगितली, तर साक्षीदार दोन होत नाहीत.

आलेखाबद्दल दोन शब्द. एका चिठ्ठीवरून भाव निश्चित होत नाही, पण भावांच्या जोड्या मिळतात. चांगला इतका असेल तर फरदड तितकी. या सगळ्या जोड्या आलेखकागदावर मांडल्या की त्या एका सरळ रेषेवर पडतात, म्हणूनच समीकरणाला ‘रेषीय’ म्हणतात. दुसऱ्या चिठ्ठीची दुसरी रेषा. दोघी जेथे छेदतात तो बिंदू दोन्ही चिठ्ठ्यांना मान्य असलेला भाव. घरात लग्नकार्यासाठी टेम्पो ठरवताना हे करून पाहा. एक टेम्पोवाला म्हणतो ५०० रुपये आणि वर किलोमीटरला २०. दुसरा म्हणतो ३०० आणि किलोमीटरला २५. दोन्ही रेषा ४० किलोमीटरवर मिळतात, दोघांचेही १,३०० होतात. त्याच्या आत जायचे असेल तर दुसरा स्वस्त, संभाजीनगरपर्यंत जायचे असेल तर पहिला.

मुलींविषयी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. कापसाची, टेम्पोची, बाजाराची उदाहरणे सांगितली की मुलगे हात वर करतात आणि मुली गप्प बसतात. मला वाटे त्यांना गणित कमी येते. पण आपण मुलींना बाजारात पाठवतच नाही, तर त्यांना काट्याची चिठ्ठी कशी ओळखीची असेल? एकदा मी उदाहरण बदलले. दोन कमीज आणि दोन सलवारींना ९ मीटर कापड लागते, तीन कमीज आणि दोन सलवारींना साडेअकरा. वाक्य पुरे होण्याआधी तिसऱ्या बाकावरून उत्तर आले: कमीजला अडीच, सलवारीला दोन. तिच्या अम्मी घरी शिवणकाम करतात. ती म्हणाली, “सर, अम्मीला तर हे न मोजता माहीत आहे.” तेव्हा मातांनो, तुमच्या शिलाई मशीनवर बीजगणित चालू असते. मुलीला शेजारी बसवून ते बोलून दाखवा, एवढीच विनंती.

बीजगणित हे बाहेरून आलेले अवघड प्रकरण आहे, आपल्यासाठी नाही, असे पुष्कळ पालकांना वाटते. म्हणून थोडा इतिहास सांगतो. इंग्रजीत याला ‘अल्जिब्रा’ म्हणतात तो शब्द अरबी आहे: अल-जब्र. बगदादमध्ये खलिफा मामून यांच्या काळात, इ. स. ८२०च्या सुमारास, मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी ‘जब्र’ आणि ‘मुकाबला’ यांच्या हिशेबाचे पुस्तक लिहिले. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती, त्यामुळे आमची मुले म्हणतात, “सर, नावच जब्र आहे, म्हणून जबरदस्तीने शिकवता.” पण अरबीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ मोडलेले जोडणे असा आहे, हाडवैद्य हाड बसवतो तसे. समीकरणाच्या एका बाजूला काही वजा झालेले असते, म्हणजे तेथे तूट असते. दोन्ही बाजूंना तेवढे मिळवून ती तूट भरून काढायची, हा जब्र. मग दोन्ही बाजूंना जे सारखे आहे ते समोरासमोर ठेवून काढून टाकायचे, हा मुकाबला.

आता याच जब्र-मुकाबल्याने भास्कराचार्यांचे एक उदाहरण सोडवू. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात दोन माणसे आहेत. एकाकडे ३०० रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची दौलत सारखी. तर घोड्याची किंमत काय? मांडणी अशी: ३०० + ६क्ष = १०क्ष − १००. उजवीकडे कर्जाची तूट आहे, ती भरा. दोन्हीकडे १०० मिळवा: ४०० + ६क्ष = १०क्ष. हा जब्र. दोन्हीकडचे सहा घोडे सोडा: ४०० = ४क्ष. हा मुकाबला. घोडा १०० रुपयांना. ऋण संख्या म्हणजे कर्ज, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला कुठल्या पुस्तकातून शिकावी लागत नाही.

भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवांनी, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. एकाहून अधिक अज्ञात असतील तेव्हा या ग्रंथात त्यांना रंगांची नावे दिली आहेत: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. आमच्या क्ष आणि य पेक्षा मला हे फार आवडते. आणि पुढे काय झाले पाहा. अकबर बादशहाच्या काळात, १५८७ मध्ये, फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहानच्या काळात, १६३४च्या सुमारास, ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर अताउल्लाह रशीदी यांनी केले. ताजमहालाचे स्थापत्यकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या उस्ताद अहमद लाहौरी यांचे हे चिरंजीव. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा तुम्ही सहलीत पाहिला असेल. त्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्लाह आणि हंसपत राय अशी दोन नावे आहेत. हे अताउल्लाह ते भाषांतरकारच, असे अभ्यासक सांगतात. पुढच्या सहलीत फोटो काढण्याआधी दरवाजा वाचा.

अल-ख्वारिझ्मी यांच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे. तोही आपल्या घरचाच विषय. समजा एकाच्या मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली आणि ८ लाखांची मालमत्ता आहे. पत्नीचा आठवा हिस्सा १ लाख. उरले ७ लाख. मुलाचा हिस्सा क्ष, मुलीचा य; क्ष = २य आणि २क्ष + ३य = ७,००,०००. मुलीला १ लाख, मुलाला २ लाख. वर्गात हे उदाहरण सगळ्यांना सुटते. मात्र पुष्कळ घरी मुलीचा य वहीत येतो आणि सातबाऱ्यावर येत नाही. याला गणिताचा शिक्षक काय करणार!

एक जुने आणि देखणे उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राज्यात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांनी ‘गणितसारसंग्रह’मध्ये फळांचा भाव विचारला आहे. ९ महाळुंग आणि ७ कवठे मिळून १०७. ७ महाळुंग आणि ९ कवठे मिळून १०१. एकेकाची किंमत काय? येथे आकड्यांची अदलाबदल आहे हे ज्याला दिसेल त्याला गुणाकार करत बसावे लागणार नाही. दोन्ही मिळवा: १६ महाळुंग आणि १६ कवठे २०८ ला, म्हणजे एक जोडी १३ ला. दोन्ही वजा करा: २ महाळुंग हे २ कवठांपेक्षा ६ ने महाग, म्हणजे एकाला एक ३ ने महाग. जोडी १३, फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. बोर्डाच्या पेपरात असे प्रश्न आजही येतात.

आता पालक म्हणतील, कापूस आणि कवठे ठीक आहे, पण पुढे याचा उपयोग काय? तुमच्यापैकी काही जणांनी घरच्या आजारी माणसाला सी.टी. स्कॅनला नेले असेल. ते यंत्र काय करते? शरीराचा आडवा काप चौकोना-चौकोनांत वाटला आहे असे समजा. प्रत्येक चौकोन क्ष-किरण किती अडवतो, ते अज्ञात. एक किरण आरपार गेला की वाटेतल्या सगळ्या चौकोनांची बेरीज मिळते, सुटे आकडे मिळत नाहीत. अगदी काट्याच्या चिठ्ठीसारखे: एकूण रक्कम आहे, भाव नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडायचे आणि चिठ्ठ्या गोळा करायच्या. इंग्लंडमधील इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे असे चित्र काढले. त्यात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकोन होते आणि मापे होती २८,८००. त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही चारच चौकोनांवर हा खेळ खेळून पाहा. वर अ आणि ब, खाली क आणि ड. आडव्या बेरजा: अ + ब = ७, क + ड = ९. उभ्या बेरजा: अ + क = ६, ब + ड = १०. चार अज्ञात, चार समीकरणे, सुटायला हवे? सुटत नाही, करून पाहा. कारण आडव्या दोन्हींची बेरीज १६ आणि उभ्या दोन्हींचीही १६, त्यामुळे चौथी चिठ्ठी नवे काहीच सांगत नाही. आता एक तिरपा किरण सोडा: अ + ड = ७. लगेच अ = २, ब = ५, क = ४, ड = ५. यंत्र रुग्णाभोवती का फिरते, हे माझ्या नववीच्या मुलांना या चार चौकोनांनी समजले.

त्या मुलाविषयी सांगून थांबतो. त्या वर्षी तो बोर्डाला बसला नाही. चहा पिऊन झाल्यावर मी त्याची माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागावी की नाही यावर स्टाफरूममध्ये दोन मते आहेत, ती असोत. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचे अब्बा म्हणाले, “मास्तर, पोरगा म्हणाला की सर मला चोर समजतात, मग मी काय बोलणार?” यंदा त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. मगरिबनंतर तो आणि आणखी दोघे माझ्याकडे येतात. त्याचे भांडण अजूनही पायऱ्या लिहिण्याशी आहे. उत्तर आधी येते आणि पायऱ्या नंतर लिहाव्या लागतात, याचा त्याला कंटाळा येतो. मी त्याला सांगतो, बेटा, तू जे तोंडाने बोललास तेच कागदावर बोल: ‘त्याला सोडून द्या’ ऐवजी ‘दोन्ही समीकरणांची वजाबाकी करून’. हल्ली लिहितो. संस्थेने एखादी खोली आणि एक ट्यूबलाइट संध्याकाळी उघडी ठेवली, तर असे आणखी मुलगे येतील आणि मुलींनाही येता येईल. पदाधिकारी समोरच बसले आहेत, म्हणून बोललो.

जाता जाता घरचा अभ्यास. कापूस, सोयाबीन आणि तूर, तीन माल, तीन भाव. पहिली चिठ्ठी: ३ क्विंटल कापूस, २ सोयाबीन, १ तूर, रक्कम ३८,०००. दुसरी: २ कापूस, ३ सोयाबीन, १ तूर, रक्कम ३५,५००. तिसरी: १ कापूस, २ सोयाबीन, ३ तूर, रक्कम ४०,०००. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या नऊ अध्यायांच्या एका गणितग्रंथात धान्याच्या पेंढ्यांचे नेमके अशाच मांडणीचे उदाहरण आहे, तीन-दोन-एक, दोन-तीन-एक, एक-दोन-तीन. आणि ते पाटावर काड्या मांडून, एकेक अज्ञात घालवत सोडवले आहे. तुम्ही पेनाने सोडवा किंवा तोंडी, पण अब्बा-अम्मींना बरोबर घेऊन सोडवा. उत्तर मी या स्मरणिकेत छापत नाही. तुमचे तीन भाव तिन्ही चिठ्ठ्यांत घालून पाहा. तिन्ही रकमा जुळल्या तर मला विचारायला येण्याची गरज नाही.